नांदेडच्या दारांत लातूरची माणसं

नांदेड
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

मुज्तबा,

तुझा मस्कतचा पत्ता तुझ्या अम्मीकडून, चाचींकडून घेतला. फोन करता आला असता, पण फोनवर मी काय बोलते ते तुला माहीत आहे. ‘हो’, ‘बरं’, ‘ठेवते’. बजरंग म्हणायचा, ताईला फोन केला की चौकशीच्या खिडकीशी बोलल्यासारखं वाटतं. म्हणून लिहिते आहे.

आधी तुझ्या कामाचं. तुझ्या अब्बांचा फोटो अजून मिळालेला नाही. बजरंग गेल्यावर त्याच्या लातूरच्या खोलीतून आणलेलं सामान मी इतके दिवस उघडलं नव्हतं. गेल्या आठवड्यात उघडलं. आमच्या लॅबमध्ये एक्स-रे बघायचा जुना दिव्याचा डबा आहे. दुपारच्या सुट्टीत त्यावर एकेक निगेटिव्ह ठेवून बघितली. गंज गोलाईचा बाजार आहे. चाचांचं तराजू दुरुस्तीचं दुकान आहे, दारात टांगलेली पारडी आहेत. चाचा नाहीत. कॅमेरा बघितला की ते उठून आत जायचे, असं चाची म्हणाल्या. आधार कार्डावरचा सोडला तर त्यांचा एकही फोटो घरात नाही, आणि त्या फोटोत माणूस ओळखू येत नाही, हेही म्हणाल्या.

ऑगस्टमध्ये चाचा गेले, तुला रजा मिळाली नाही, आणि तू फोनवर बजरंगला तेवढा एक फोटो मागितलास. तो म्हणाला, रोल संपल्याशिवाय मी धूत नाही. तेव्हा मी त्याच्या बाजूलाच बसले होते. तू काय म्हणालास तेही ऐकू आलं. त्यानंतर तुम्ही दोघं बोलला नाहीत. ऑक्टोबरमध्ये त्याला ताप आला. त्याच्या रक्ताचे रिपोर्ट आमच्याच लॅबमध्ये निघाले. त्याबद्दल लिहीत नाही.

काढलेले पण न धुतलेले तीन रोल सामानातल्या एका डब्यात आहेत. चाचा त्यातच कुठेतरी असणार. ते मी धुऊन घेईन. फोटो शोधणं माझ्याकडे लागलं, असं समज.

आता दुसरी गोष्ट. हसू नको. मी बजरंगचा कॅमेरा घेऊन फिरायला लागले आहे.

पंचेचाळीस वर्षांची बाई, गळ्यात यशिका, पायात कॅनव्हासचे बूट. लॅब रविवारी दुपारी बंद होते. घरी जायचं सोडून मी वजिराबादवरून सरळ इतवाऱ्याकडे चालत सुटले. या शहरात माझा जन्म गेला, पण मी कायम कुठेतरी जायचं म्हणूनच चालले होते. नुसतं चालायचं आणि बघायचं, हे कधी केलंच नव्हतं. इतवाऱ्यात एका गल्लीत दुपारी दोन वाजता ऊन बरोबर अर्ध्या भिंतीपर्यंत येतं आणि चाकूनं कापल्यासारखं थांबतं, हे तुला माहीत होतं का? कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या तुम्हा दोघांना माहीत असणार. मला कुणी सांगितलं नाही.

रोल लावायला मोबाईलवर बघून शिकले. कोऱ्या रोलची जीभ, म्हणजे फिल्मचं टोक, बाहेर लोंबत असते आणि काढलेल्या रोलची आत गेलेली असते, एवढं तर मला आधीच माहीत होतं. डब्यात जीभ बाहेर असलेला एकच रोल होता. जिभेचं टोक दुमडून मुरगळलेलं होतं, सामानात दबलं असेल. लॅबच्या कात्रीनं ते टोक सरळ कापून टाकलं. रोल पहिल्या झटक्यात बसला! खटका ओढल्यावर आत दात धरतात तो आवाज मी दहा वेळा ऐकला असता, पण रोल वाया जाईल म्हणून थांबले.

माणसांचे फोटो मात्र मला काढता येत नाहीत. समोरचा माणूस बघायला लागला की माझा हात खाली येतो. म्हणून मी दारं काढते. उघडी दारं, आत अंधार असलेली. जिन्यांची तोंडं. बंद दुकानांच्या पडव्या. बर्की चौकात एका दाराच्या पायऱ्या काढत होते, तर आतून चहाचा पेला घेऊन एक जण आला.

“ओ मॅडम, मनपाच्या का?”

“नाही.”

“मग पायऱ्या कामून काढून राहिल्या? पायऱ्या आमच्या हद्दीत हायत. आजोबाच्या टायमापासून हायत.”

“मी दार काढते आहे.”

“दार बी हद्दीतच हाय.”

शेजारचा कापडवाला ओरडला, “अरे, असल्या जुन्या डब्ब्यानं मनपा मोजणी करत असती का? बँकेच्या असतील त्या.” हे ऐकल्यावर पहिल्यानं पेला पायरीवर ठेवला आणि दार लावूनच घेतलं.

घरी येईपर्यंत मी एकटीच हसत होते. चार महिन्यांत पहिल्यांदा.

उत्तर लिही असं म्हणत नाही. पत्र मिळालं एवढं कळव.

तनुजाताई

*

नांदेड
रविवार, २ मार्च

मुज्तबा,

पत्र मिळालं की नाही कळलं नाही. तरी लिहिते, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगू?

मी रोल धुतले! स्वतः! तिन्ही!

बाहेर दिले असते तर हैदराबादला पाठवावे लागले असते. मग मी म्हटलं, आयुष्यभर रक्ताच्या काचपट्ट्या रंगवते, हे का जमू नये. बजरंगच्या सामानात रोल धुवायची औषधं होती, टाकी होती. लॅबच्या मागे जुनी अंधारी खोली आहे, पूर्वी तिथे एक्स-रे धुवायचे. खोकी भरलेली होती, ती काढली. अंधारात चाचपडत रोल गुंडाळला. औषधाला वीस डिग्री लागते आणि नांदेडात नळाचं पाणीच तीसच्या वर, म्हणून टबात बर्फ टाकून त्यात बीकर उभे केले. हे सगळं मला येत होतं, फक्त कशासाठी ते माहीत नव्हतं.

ओली पट्टी उजेडाला धरली आणि त्यात चित्रं होती. मी मोठ्यानं ओरडले. आमचा शिपाई धावत आला, “मॅडम, काही सांडलं का?”

तीनपैकी एका रोलमध्ये औशातलं एक लग्न आहे. दुसऱ्यात दयानंद कॉलेजकडच्या रस्त्यावरची शिकवणीची मुलं, पाठीवर दप्तरं, सगळी एकाच बाजूला वाकलेली. तिसऱ्यात नुसती गोलाई, पहाटेची. चाचा नाहीत. तीनदा बघितले. वाईट वाटलं, तुझ्यासाठी आणि माझ्यासाठीही, कारण मी तुला शब्द दिला आहे. पण मुज्तबा, एक विचारायचं आहे. त्यानं खरंच काढला होता ना? त्यानं तुला तसं सांगितलं होतं ना? कारण काढला असेल तर तो कुठेतरी असणारच.

इकडे माझाही रोल संपला. आणि मी माणसं काढली!

झालं असं. गेल्या रविवारी विष्णुपुरीला गेले. धरणाचे दरवाजे, खांब, खांबांच्या मधला काळोख, तेच काढत होते. रस्त्याच्या कडेला एक बाई हरभऱ्याचे डहाळे घेऊन बसली होती. बराच वेळ माझ्याकडे बघत होती.

“घंटाभर झालं त्या खांबाचेच फोटो काढून राहिलीस. खांब तुझा मामा हाय का?”

मी हसले.

“मंग माझा काढ की. मी काय चावत न्हाई.”

उठून कठड्याला पाठ लावून उभीच राहिली. डोक्यावर डहाळ्यांचा भारा. मागं सगळं पाणी उन्हात पेटलेलं, डोळे उघडत नव्हते इतकं.

“पदर नीट करू?”

“असू द्या, छान आहे.”

“कुठं छापणार हाईस?”

“कुठंच नाही.”

“मंग काढलीस कशाला?”

मी खटका पुढे ओढला. ती म्हणाली, “बरं, राहू दे. नीलाबाई नाव सांग कुणी विचारलं तर.” आणि डहाळ्याची एक जुडी माझ्या पिशवीत कोंबली.

त्यानंतर मी थांबलेच नाही. गुरुद्वाऱ्याच्या फाटकाशी पगडी बांधून देणारा. देगलूर नाक्यावर तेलुगूत भांडणारे दोन ड्रायव्हर, मी कॅमेरा उचलल्यावर एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे राहिले. काल रमजानचा चंद्र दिसला, तेव्हा इतवाऱ्यात खजुराच्या गाड्यावर दिवा लागत होता, तो विकणारा. रोलचे शेवटचे फोटो तिथे संपले. खटका पुढे जाईना तेव्हा मी रस्त्याच्या मधोमध उभी होते आणि मागून रिक्षावाला म्हणत होता, “काकी, फोटोत जाता का वर जाता?”

औषध संपलं आहे. मागवलं आहे. आलं की हा रोल धुणार. मला झोप लागत नाही, चांगल्या अर्थानं.

तनुजाताई

*

नांदेड
रविवार, १६ मार्च

मुज्तबा,

तुझा मेसेज मंगळवारी आला. मी यंत्रात नमुने फिरवायला ठेवले होते. “ताई, त्या रोलची जीभ कुणी दुमडली होती की दबून मुरगळली होती? नीट आठवा.” मी दोनदा वाचला, तरी कळलं नाही. मग तुझा दुसरा आला, मोठा, आणि कळलं. त्यावर मी फक्त ‘दुमडली होती’ एवढं लिहिलं. तुला ते तुटक वाटलं असेल. बाकीचं इथे लिहिते.

मला काय माहीत असणार, मुज्तबा, की तुम्ही दोघं रोल अर्ध्यावर काढून ठेवत होता? लग्नाचं काम आलं की स्वतःचा चालू रोल मागे फिरवायचा, जीभ आत जाऊ द्यायची नाही, कानानं ऐकून थांबायचं, आणि अर्धा झालेला आहे हे ओळखायला टोक दुमडून ठेवायचं. काम झालं की पुन्हा लावायचा. ही खूण तुम्ही दोघांनीच ठरवलेली. आणि मी ती कात्रीनं कापून टाकली, वर तुला अभिमानानं लिहूनही कळवलं.

म्हणजे बजरंगनं लातूरला अर्धा काढलेला रोल मी कोरा समजून पहिल्यापासून पुन्हा काढला. त्याच्या फोटोंवर माझे फोटो.

तू लिहिलंस की अब्बा चौथ्या खेपेला तयार झाले. बजरंगला म्हणाले, माझं तोंड काय काढतो, काटा काढ, काट्यासोबत मी आलो तर आलो. त्यानं तो फोटो काढला आणि लगेच तुला फोन केला, आज मिळाले म्हणून. त्याच दिवशी लग्नाचं काम आलं आणि त्यानं रोल काढून ठेवला. म्हणजे त्याच्या अर्ध्या रोलमधला शेवटचा फोटो चाचांचा. पंधरा-वीस दिवसांत चाचा गेले. रोल तसाच.

तुला वाटलं तो हट्टानं धूत नव्हता. असेलही. तो हट्टी होताच. पण मी त्याचं सामान लावलं आहे. चाचा गेल्यावर त्यानं पहाटेची गोलाई काढली ती नव्या रोलवर. दुमडलेला डब्यात असताना नवा का फोडला, ते मला माहीत नाही. पुढचा फोटो चाचा नसलेल्या गोलाईचा असणार होता, एवढं मात्र त्याला माहीत असणार.

तू लिहितोस, धुऊ नका. जसा आहे तसा राहू द्या, निदान आत अब्बा आहेत असं म्हणता येईल. तुझ्याकडून तेवढंच एक मागणं होतं आणि मी ते वर चालून तुडवलं, हे मला समजतं.

पण मी धुणार आहे. तुला विचारत नाही, कळवते आहे. आमच्याकडे लोक नमुना देतात आणि रिपोर्ट न्यायला येत नाहीत. पाकिटं पडून राहतात. न नेल्यानं आतला आकडा बदलत नाही. आणि खरं सांगू? भीती वाटते त्यापेक्षा जास्त मला बघायचं आहे. बजरंगनं शेवटी काय काय बघितलं ते त्या पट्टीत आहे. ते माझ्या दारांच्या खाली आहे की वर, मला माहीत नाही. पण आहे.

औषध उद्या येईल.

तनुजाताई

*

नांदेड
रविवार, २३ मार्च

मुज्तबा,

बसून लिही, असं स्वतःला तिसऱ्यांदा सांगते आहे. हात अजून औषधाच्या वासाचे आहेत.

आधी ऐक. माझे फोटो दारांचे होते ना, आत अंधार असलेल्या दारांचे. फोटोत जिथे काळोख असतो तिथे फिल्मवर काही उमटतच नाही. ती जागा कोरीच राहते. आणि तिथे बजरंगनं आधीच काढलेलं होतं. कळलं का?

माझ्या प्रत्येक दारात कुणीतरी उभं आहे!

बर्की चौकातल्या बंद दुकानाच्या दारात लातूरच्या भुसार लाईनचा हमाल उभा आहे, पाठीवर पोतं, डोळे वर. गाडीपुऱ्यातल्या जिन्याच्या तोंडात लातूरचा न्हावी गिऱ्हाइकाची मान वाकवतो आहे. नगीनाघाटाकडच्या एका कमानीत शिकवणीच्या दोन मुली एकाच वायरची दोन टोकं कानात घालून बसल्या आहेत. कमान नांदेडची, मुली लातूरच्या. तो उकिडवा बसून फोटो काढायचा ना, त्यामुळे त्याची माणसं उंच येतात. बरोबर दाराएवढी. आणि तो ज्याची हद्द-हद्द चालली होती, त्याच्या पायऱ्यांवर दोन शेळ्या आणि एक म्हातारी ऐसपैस बसली आहे. झालं शेवटी अतिक्रमण.

सगळेच असे नाहीत, खोटं सांगणार नाही. निम्म्याहून जास्त नुसता गोंधळ आहे, भिंतीतून तारा, तारांतून सायकली. पण जे जमले आहेत ते ना त्याचे आहेत, ना माझे. मी माणसांना घाबरून दारं काढत फिरत होते आणि हा त्या दारांत आधीच माणसं उभी करून गेला होता. मी त्या अंधाऱ्या खोलीत बसून हसले आणि रडले, आणि कुणी बघायला आलं नाही हे बरं झालं.

मधल्या एका फोटोपासून पुढे त्याचं काही नाही. फक्त माझं. पगडीवाला, ड्रायव्हर, खजूरवाला. स्वच्छ, एकएकटे. त्याच्या आधीचा फोटो चाचांचा.

आता तेच सांगते. घोळवत नाही.

चाचांवर माझा नीलाबाईचा फोटो आला आहे. तो एकच फोटो मी उजेडाकडे तोंड करून काढला होता. मागचं सगळं पाणी पेटलेलं होतं, आणि उजेडाखाली काही उरत नाही. चाचांचं तोंड तिच्या खांद्याच्या बाजूला त्या पाण्यात गेलं आहे. मी भिंगानं बघितलं, दिवा बदलून बघितलं. कपाळाची एक रेघ असावी असं वाटतं, पण ती लाटही असेल. तोंड नाही, मुज्तबा.

नीलाबाई मात्र उन्हाला पाठ करून होती, ती पूर्ण काळी आली आहे. तिच्या त्या काळ्या आकृतीत, छातीपासून खाली, चाचांचे दोन हात आहेत. डाव्या हातात तराजू वर धरलेला, उजव्या हाताची दोन बोटं काट्यापाशी, न टेकवता. नखंसुद्धा दिसतात. मनगटावरचा धागा दिसतो. पारडी रिकामी आणि समपातळीत.

एवढंच आहे. याहून जास्त नाही.

फोटो तुला मोबाईलवर आत्ता पाठवता आला असता. पाठवत नाही. आधी चाचींना दाखवणार. तोंड नाही हे त्यांना मी समोर बसून सांगितलं पाहिजे, आणि पहिल्यांदा बघायचा हक्क त्यांचा आहे. ईद होऊ दे, मग लातूरला जाते.

मोठा प्रिंट करून घेतला आहे. वाटेत दुमडू नये म्हणून एक्स-रेच्या पाकिटात ठेवला आहे.

तनुजाताई

*

लातूर
रविवार, ६ एप्रिल

मुज्तबा,

हे तुमच्याच घरात बसून लिहिते आहे. चाची आत शेवया भाजताहेत. ईद होऊन गेली तरी माझ्यासाठी शीरखुर्मा पुन्हा करताहेत, ऐकत नाहीत.

तुझे मेसेज रोज येतात, ‘दाखवला का’, ‘पाठवा’. उत्तर दिलं नाही, कारण एका ओळीत बसणार नव्हतं.

सकाळच्या एसटीनं निघाले. लोहा, अहमदपूर, चाकूर, सगळा रस्ता मांडीवर पाकीट धरून. उतरल्यावर आधी गोलाईत गेले. चाचांचं दुकान बंद आहे, कुलूप आहे. शेजारचे शिवप्पा सेठ ओळखीचे निघाले, म्हणजे बजरंगच्या ओळखीचे. मी कॅमेरा काढल्यावर म्हणाले, “हा डब्बा ओळखतो मी. तुमचा भाऊ हितं बसायचा, ह्या नाल्याच्या फरशीवर, उकिडवा. चाचा म्हणायचे, पोराला पाट द्या रे कुणी, म्हातारपणी गुडघे रडतील त्याचे.”

मी त्या फरशीवर उकिडवी बसले. साडी आवरून, भर बाजारात. तिथून दुकानाचं दार उंच दिसतं, सोळा रस्त्यांचा सगळा गलबला डोक्यावरून जातो. शिवप्पा सेठ माझ्यासाठी पाट आणायला आत गेले. मला उठावंसं वाटत नव्हतं.

मग तुमच्या घरी आले. चाचींना आधी सगळं सांगितलं. दुमडलेली जीभ, कात्री, विष्णुपुरी, सगळं. तोंड आलेलं नाही हे सांगितलं. त्या ऐकत होत्या की नाही कळलं नाही, त्यांची नजर पाकिटावर होती. प्रिंट काढून हातात दिला. त्यांनी चष्मा लावला. खूप वेळ बघितलं. मी खाली बघत बसले.

“ही कोण?”

“नीलाबाई. विष्णुपुरीला डहाळे विकते.”

“बरं,” त्या म्हणाल्या. “आणि या बाईच्या पोटात माझा म्हातारा काय करून राहिला?”

मुज्तबा, मला वाटलं त्या रागावल्या. वर बघितलं तर त्या हसत होत्या. इतक्या हसल्या की चष्मा काढावा लागला. शेजारणीला हाक मारली, “अगं ये, बघ, चाळीस वर्षं मला म्हणायचा दुसऱ्या बाईकडे बघितलं नाही, आणि बघ कुठं सापडला!” शेजारीण आली, तीही हसली.

चाचींनी बोट ठेवलं, काट्यापाशी चाचांची दोन बोटं आहेत तिथे. म्हणाल्या, “काटा बघताना दम धरायचा. श्वास लागला तर हालतो म्हणे. मी चहा घेऊन उभी राहायची, मला बी सांगायचा, तू बी दम धर. हे बघ, आत्ता दम धरलाय त्यानं.”

मी फोटो इतक्या वेळा बघितला होता, भिंग लावून. हे मला दिसलं नव्हतं. दिसणारही नव्हतं.

मग मी तुझं बोलले. म्हटलं, मुज्तबाला तोंड पाहिजे होतं, चाची. तो फार आशेवर होता. चाचींचा आवाज एकदम बदलला.

“तोंड पाहिजे? तोंड इथं होतं बेटी, तीन वर्षं. दर ईदीला दाराकडं करून बसायचं. रजा नाही, रजा नाही. बाप गेला तवा नव्हती, मान्य. त्याच्यानंतर? आता तर त्याला कुणी अडवलं नाही. बजरंगवर चिडला, कंपनीवर चिडला. मला पैसे पाठवतो, फोन करतो, जेवली का विचारतो. यायचं म्हटलं की फोटो मिळू दे, मग येतो. फोटो काय दार उघडणार हाय?”

हे तुला लिहू का, असं मी विचारलं नाही. त्या म्हणाल्या, “लिही. शब्द न शब्द लिही.” म्हणून लिहिलं.

प्रिंट त्यांनी भिंतीवर लावला. दुकानाकडच्या भिंतीला, दारातून आल्याबरोबर दिसेल असा. कॅलेंडर काढून त्या खिळ्याला. मी म्हटलं, छान दिसतो, आता एक मोबाईलवर घेते आणि मुज्तबाला पाठवते. मोबाईल वर केला तर त्यांनी फोटोवर स्वतःची ओढणी टाकली.

“नाही.”

“चाची, तो वाट बघतोय.”

“बघू दे. मी पण बघते.”

निगेटिव्हची ती पट्टीही मागून घेतली. बजरंगचे, माझे, सगळे फोटो असलेली, दारांतली माणसं आणि सगळं. मी द्यायला कचरले, पण दिली. पेटीत गेली, किल्ली कमरेला. नंतर माझ्या मोबाईलवर नांदेडला घेतलेला एक होता, तोही समोर बसवून पुसायला लावला. “दाखव. अजून कुठं लपलाय? कचऱ्याचा डबा असतोय ना त्यात, तोबी उघड.” चाचींना मोबाईलचं काही कळत नाही, असा तुझा समज असेल तर तो काढून टाक.

तेव्हा या पाकिटात फोटो नाही. शोधू नको. जगात तो आता एकाच भिंतीवर आहे.

तुझ्या बाजूनं मी बोलू शकले असते. बोलले नाही, कारण मला वाटतं त्यांचं बरोबर आहे. रागव माझ्यावर. बजरंगवर रागावला होतास तसा रागव, फक्त फोन आपटू नको.

चाची आत्ताच बाहेर येऊन विचारून गेल्या, मस्कतचं विमान हैदराबादला उतरतं का मुंबईला. मी सांगितलं, दोन्हीकडे उतरतं. म्हणाल्या, हैदराबाद बरं, तिथून लातूरला थेट बस आहे. मग आत गेल्या आणि कढईचा आवाज मोठा झाला.

बस सकाळी येते. तारीख कळव. मी आदल्या दिवशीच येऊन राहते, नवा रोल लावून. स्टँडवरून घरापर्यंत रिक्षा करू नकोस, चालत जाऊ, गोलाईतून. तू पुढं चाल. मी आता माणसं काढते.

तनुजाताई